धोतराखालचा जोडा

पँटच्या घोळाखाली बुटाचे निम्मे दोष झाकून जातात. धोतराचे तसे नाही. निऱ्या घोट्याच्या वर थांबतात, मागचा काष्टा पोटरी उघडी ठेवतो आणि चालताना प्रत्येक पावलागणिक जोडा टाचेपासून चवड्यापर्यंत पाहणाऱ्यासमोर येतो. असे असूनही वऱ्हाडातील व्यापारी घरांत लग्न किंवा प्रतिष्ठा महोत्सव निघाला, की धोतर, उपरणे, कोट व फेटा यांची निवड महिनाभर चालते आणि पादत्राणाची आठवण मात्र वरघोड्याच्या आदल्या सायंकाळी होते. मग अमरावतीच्या इतवाऱ्यात किंवा अकोल्याच्या तिलक रोडवर जे पायात जाईल ते घेतले जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी टाच सोललेली असते आणि पुढच्या लग्नापर्यंत त्या जोड्याचा तळवा कपाटातच भुगा झालेला असतो.

अडतीच्या गादीवर रोज धोतर नेसून बसणारी पिढी आता विरळ झाली आहे. तरीही धोतर घरातून गेलेले नाही. पूजेचे धोतर-खेस, लग्नातले धोतर, महावीर जयंतीच्या शोभायात्रेतले धोतर आणि काही घरांत आजोबांचे नित्याचे धोतर, असे त्याचे चार मुक्काम अजून शाबूत आहेत. प्रत्येक मुक्कामाची पायवाट वेगळी आहे, म्हणून जोड्याचा विचारही वेगळा करावा लागतो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. धोतराखाली लाल पुणेरी जोडा, कोल्हापुरी वहाण किंवा सुखवस्तू माणसाच्या पायात काळा चकचकीत पंपशू असे. जुन्या छायाचित्रांत धोतर, लांब कोट, पागोटे आणि खाली पायमोज्यांसह बांधीव बूट असाही थाट दिसतो. या सर्वांत एक गोष्ट समान होती: चामडे. कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांना तिचे भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या ‘प्राडा’ने मिलानच्या प्रदर्शनात अंगठ्याची तशीच चप्पल मिरवली, तेव्हा या वहाणेचे नाव पुन्हा जगभर झाले. धोतराशी इतके जुळणारे दुसरे पादत्राण सांगणे कठीण आहे. पण ज्या घरात मंदिराच्या पायरीशी कमरेचा पट्टा आणि खिशातले पाकीट काढून ठेवण्याची रीत आहे, त्या घराला ती सरळ उचलून पायात घालता येत नाही.

या पेचाचा एक धागा वऱ्हाडाच्या शेजारी, वर्ध्याला सापडतो. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वहाणा बनवण्याचे काम शिकून घेतले होते. स्वतः बनवलेला एक जोड त्यांनी १९१४ मध्ये देश सोडताना जनरल स्मट्स यांना दिला. स्मट्स यांनी तो अनेक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त, आदरपूर्वक परत पाठवला. पंचवीस वर्षे टिकलेला जोडा, असा त्याचा व्यवहारी अर्थही लावता येईल. पुढे गांधीजी वर्ध्याला आले आणि १९३० च्या दशकात वर्ध्याजवळील नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. तेथील कटाक्ष असा की कातडे घ्यायचे ते आपोआप मेलेल्या जनावराचे; कत्तलीचे नाही. गावात ढोर मेले की त्याचे कातडे वाया जाते, ते काढणाऱ्याला समाज दूर ठेवतो आणि त्याच वेळी कत्तलीच्या चामड्याचे बूट शहरात मानाने वापरले जातात, ही विसंगती त्या प्रयोगामागे होती.

नालवाडीच्या वाटेने गेलेल्या वहाणेला अहिंसक म्हणावे का, यावर श्रावक घरांत मतभेद आहेत आणि राहतील. मृत प्राण्याचे असले तरी ते प्राण्याचे शरीर आहे, म्हणून ते वर्ज्यच, असे मानणारे पुष्कळ आहेत. तत्त्वाचा निर्णय ज्याचा त्याने करावा. व्यवहाराची अडचण मात्र सर्वांना सारखी आहे. आज दुकानात ठेवलेल्या चामड्याच्या जोडीवर जनावर कसे मेले हे लिहिलेले नसते, दुकानदाराला ते ठाऊक नसते आणि त्याने छातीवर हात ठेवून सांगितले तरी पडताळण्याचे साधन नसते. नालवाडीत ही खातरी चर्मालयातच होत होती. ती सोय गेल्यावर चामडे टाळणे हाच सरळ मार्ग उरतो. (ज्यांच्या घरी हा नियम कडक आहे, त्यांनी कधी रेशमी धोतराकडेही पाहावे. कोश उकळल्याखेरीज नेहमीचे रेशीम निघत नाही. पायातले चामडे वर्ज्य आणि कमरेचे रेशीम पवित्र, हा हिशेब काही नीट जुळत नाही.)

चामडे टाळायचे ठरवले तरी ते ओळखावे लागते, कारण ते अनेकदा लपलेले असते. लग्नातली भरजरी मोजडी हे त्याचे ठळक उदाहरण. वरचा भाग मखमलीचा किंवा जरीचा, म्हणून ती ‘कापडी’ समजून घेतली जाते. उलटी करून पाहावी तर तळवा पुष्कळदा चामड्याचा, आणि पाऊल टेकते तो आतला पट्टाही चामड्याचाच. ‘स्वेड’ आणि ‘न्यूबक’ ही मऊ लव असलेली पृष्ठे म्हणजे घासलेले चामडेच. ‘बॉन्डेड लेदर’ म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून केलेला पत्रा. उलट ‘पीयू लेदर’, ‘फोम लेदर’ किंवा ‘रेक्झिन’ यांत नावापुरतेच लेदर असते. ते कापडावर चढवलेले प्लास्टिक आहे. काप दिलेली कडा निरखली की भेद कळतो: प्लास्टिकच्या थराखाली विणलेले कापड दिसते, चामड्याच्या कडेला कापसासारखे गुंतलेले तंतू दिसतात.

परदेशी कंपनीचा किंवा निर्यातीसाठी बनलेला जोडा असेल तर त्यावरची छोटी चित्रे वाचावीत. युरोपीय संघाच्या १९९४ च्या निर्देशानुसार वरचा भाग, अस्तर व आतला पट्टा, आणि तळवा या तिन्ही भागांपुढे ते कशाचे आहेत हे चित्राने किंवा शब्दांत दाखवावे लागते. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे. त्याच आकाराच्या आत शंकरपाळीची आकृती म्हणजे मुलामा दिलेले चामडे. जाळीदार विणीची आकृती म्हणजे कापड, आणि नुसती शंकरपाळी म्हणजे रबर-प्लास्टिकसारखे अन्य पदार्थ. यात एक खोच आहे. ज्या पदार्थाने त्या भागाचा किमान ८० टक्के हिस्सा व्यापला आहे, त्याचेच चित्र छापले जाते. म्हणजे शंकरपाळी दिसली तरी उरलेल्या भागात चामड्याची एखादी पट्टी असू शकते. जिभेची कड, टाचेमागचा तुकडा आणि कंपनीच्या नावाची चकती हे तीन भाग तरी बोट लावून तपासावेत.

आता टिकाऊपणाकडे वळू. बिनचामड्याचा जोडा टिकत नाही, ही तक्रार घरोघर ऐकू येते आणि ती निराधार नाही. पण दोष बहुतेक वेळा वरच्या भागाचा नसून तळव्याचा आणि चिकटवणीचा असतो. हलके, मऊ, पावलाला सुखावणारे कित्येक तळवे पॉलियुरेथेनचे असतात. त्याच्या एका प्रकारात हवेतील बाष्प हळूहळू रेणूंच्या साखळ्या तोडते. जोडा वापरला नाही तरी ही क्रिया थांबत नाही; प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवलेल्या जोड्यात ओल अडकून ती चालूच राहते. चार वर्षांपूर्वीच्या लग्नातला, दोनदाच घातलेला कोरा जोडा मंडपात पाऊल टाकताच चुरगळतो तो यामुळे. त्यात विकणाऱ्याची लबाडी असेलच असे नाही. पदार्थाचा स्वभावच तो आहे. म्हणून खोक्यावर छापलेला निर्मितीचा महिना व वर्ष पाहणे, औषधाच्या बाटलीइतके नाही तरी त्याच सवयीने, आवश्यक आहे. सणाच्या सवलतीत अर्ध्या किमतीला मिळणारा मऊ तळव्याचा जोडा तीन वर्षे गोदामात पडलेला असेल, तर ती सवलत महागात पडते.

वरचेवर न वापरला जाणारा जोडा घ्यायचा असेल तर तळवा रबराचा पाहावा. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांनी रबर पक्के करण्याची रीत शोधली, आणि आजही कॅनव्हासच्या साध्या बुटात वरचे कापड व खालचे रबर याच रीतीने भट्टीत एकजीव केले जातात. ‘बाटा’सारख्या कंपनीचे भारतातील पाऊल १९३१ चे, तेव्हापासून कॅनव्हास व रबराचे बूट शाळेच्या गणवेशात, कवायतीत आणि कारखान्यात इतके रुळले, की त्यांना कोणी उंची माल समजेनासे झाले. धोतराच्या दृष्टीने ही उपेक्षा अन्यायाची आहे. कॅनव्हास म्हणजे जाड विणीचे सुती कापड. धोतर सुती आणि जोडाही सुती, हा मेळ कोणत्याही चकचकीत रेक्झिनपेक्षा डोळ्यांना शोभतो. ज्या वऱ्हाडाचे घरसंसार कापसाच्या गाठींवर उभे राहिले, तेथे ही गोष्ट पटवून द्यावी लागते, हेही एक नवलच.

रंगाची मात्र काळजी घ्यावी. काळ्या जोड्याचे पॉलिश आणि हलक्या प्रतीच्या कृत्रिम चामड्याचा रंग धोतराच्या काठाला लागतो आणि सुती पांढऱ्या कापडावरून तो सहजी निघत नाही. शुभ्र कॅनव्हास वऱ्हाडच्या काळ्या मातीत पहिल्या सरीला हरतो. बदामी, फिकट खाकी किंवा मातकट रंग दोन्ही बाजूंनी निभावतो. काळा चिखल ओला असताना धुऊ नये. वाळू द्यावा, ब्रशने झटकावा, मग पुसावे. जोडा सावलीत वाळवावा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे घालावेत.

धोतर आणि जोडा यांचा आणखी एक झगडा असतो, तो अडकण्याचा. बकलची अणी, धातूची आकडी किंवा लांब सुटलेली नाडी निऱ्यांत अडकली की माणूस तोंडघशी पडतो, आणि वयस्क माणसाचे असे पडणे थेट खुब्याच्या हाडावर जाते. धोतराखाली नाडीचा जोडा घ्यायचा तर नाडी आखूड असावी व तिची टोके आत खोचता यावीत. नसेल तर दोन्ही बाजूंना लवचिक पट्टी असलेला, सरळ पाय घालण्याचा जोडा उत्तम. त्याची टाच मागून बंद असावी. उघड्या टाचेच्या चपलेखाली काष्ट्याचा सोगा सापडतो.

नेमका हाच प्रश्न फार दूरच्या एका लोकांनी फार काळजीपूर्वक सोडवला आहे. स्कॉटलंडच्या पुरुषांचा किल्ट हा कमरेभोवती गुंडाळलेल्या लोकरी कापडाचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख. पारंपरिक किल्टला आठ वार कापड लागते, आपल्या नऊवारीला एकच वार कमी. त्याच्या चुण्या मागे असतात, धोतराच्या निऱ्या पुढे. पायाचा खालचा भाग दोन्हीकडे उघडा, म्हणून जोड्याला महत्त्वही दोन्हीकडे सारखेच. समारंभासाठी तेथे बिनजिभेचा ‘घिली ब्रोग’ घालतात. त्याच्या लांब नाड्या घोट्याभोवती गुंडाळून बांधतात. ही तऱ्हा निऱ्यांच्या पोशाखाला अर्थातच नको. रोजच्या वापराला मात्र पुष्कळ जण जाड मोजे दुमडून त्याखाली भक्कम, घोट्यावर येणारा बांधीव बूट घालतात, कारण जड लोकरीच्या चुण्यांखाली नाजूक जोडा काडीसारखा दिसतो. जोड्याचे वजन वस्त्राच्या वजनाशी जुळवण्याची ही दृष्टी घेण्यासारखी आहे. त्याच न्यायाने मलमलीसारख्या तलम धोतराखाली जाडजूड खेळाचा बूट विजोड दिसतो, आणि जाड खादीच्या धोतराखाली तोच फारसा खटकत नाही. एडिंबरा-ग्लासगोला शिकायला गेलेल्या मुलाने पदवीदानाला हौसेने किल्ट भाड्याने घेतला, तर घरच्यांनी त्याला इतके जरूर कळवावे, की कमरेला पुढे लटकणारी ‘स्पोरन’ ही थैली बहुधा चामड्याची किंवा केसाळ कातडीची असते. बुटाची अडचण तिथे आता उरलेली नाही. १ एप्रिल १९६० रोजी बाजारात आल्यामुळे ‘१४६०’ हेच नाव पडलेला डॉक्टर मार्टेन्सचा प्रसिद्ध बूटदेखील आज बिनचामड्याचा मिळतो.

घोट्यापर्यंतचा बूट वऱ्हाडातही धोतराखाली परका नाही. शेतावर, जिनिंगच्या आवारात किंवा गोदामात जाणाऱ्या धोतरवाल्याला जाड कॅनव्हासचा, रबरी खाचांच्या तळव्याचा ‘जंगल बूट’ मिळतो. बाभळीच्या काट्याला तो हवाई चपलेसारखी वाट देत नाही, पावसाळ्यातल्या विंचूकाट्यापासून घोट्याचे रक्षण करतो आणि किमतीने कोल्हापुरीलाही लाजवत नाही. दिसायला तो उंची नाही, हे खरे. पण गठाणींच्या मध्ये फिरणाऱ्या माणसाकडे शोभेच्या दृष्टीने कोण पाहतो?

किमतीचा हिशेब व्यापाऱ्यांच्या घरात निराळा शिकवायला नको. फक्त तो पादत्राणाला लावला जात नाही. ताळेबंदात यंत्राचा घसारा धरतात, तसा जोड्याचाही धरावा, आणि इथे तर शब्दाचा मूळ अर्थच लागू पडतो. समजा, ६०० रुपयांची चिकटवलेली जोडी रोजच्या वापरात आठ महिन्यांत उसवली, तर महिन्याला ७५ रुपये पडले. २,००० रुपयांची भक्कम जोडी एकदा १५० रुपये देऊन शिवून घेत तीन वर्षे चालली, तर महिन्याला साठाच्या आसपास. आणि ३,००० रुपयांची मोजडी तीन लग्नांत मिरवून फेकली, तर एका दिवसाचे हजार रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवरील वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला आहे. त्यापूर्वी १,००० रुपयांच्या वरच्या जोडीवर १८ टक्के लागत. म्हणजे मधल्या किमतीचा, धड शिवणीचा माल घेण्यास आता कराची सबब उरली नाही.

यापुढचा मुद्दा पैशाचा नाही. आज नित्य धोतर नेसणारे बहुतेक जण वयस्क आहेत आणि त्यांतील कित्येकांना मधुमेह आहे. मधुमेह जुना झाला की पायाची संवेदना मंदावते. महावीर जयंती चैत्रात येते. तेव्हा वऱ्हाडचा डांबरी रस्ता सकाळी दहाच्या पुढे तापू लागतो, आणि वैशाखातल्या प्रतिष्ठा महोत्सवात पारा ४५ अंशांकडे झेपावतो. शोभायात्रेत अनवाणी चालण्याचा भाव वंदनीय आहे. पण ज्याच्या तळव्याला चटका कळतच नाही, त्याच्या पायाला फोड आल्याचे घरच्यांना रात्री चादरीवरच्या डागावरून समजते. ती जखम चिघळली तर बोट, कधी पाऊल गमावण्याची वेळ येते. बधिर पायाचे हे दुःख अमरावतीला अपरिचित नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले तपोवन याच शहराच्या कडेला आहे. कुष्ठरोगातही पायाची संवेदना जाते, आणि त्या रुग्णांसाठीच वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९५० च्या दशकात सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचे तळवे वापरात आणले. तेच रबर आज ‘एमसीआर’ या नावाने मधुमेहींच्या चपलांत मिळते. ते चामडे नाही, पाऊल त्यात दाबाने रुतत नाही आणि वर रेक्झिनचे किंवा कापडी पट्टे असलेली, मागे टाचेला पट्टा असलेली जोडी मागितली तर मिळते. मंदिराच्या पायरीशी काढून ठेवता येते, धोतराखाली वाईट दिसत नाही. आजोबांनी अनवाणीच चालायचा आग्रह धरला तर निदान जाड सुती मोजे तरी घालावेत व यात्रा उन्हाआधी संपावी, एवढे पुत्र-पौत्रांनी हट्टाने पाहावे.

अशा पायांसाठी जोडा घ्यायला सायंकाळी जावे, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतो. दोन्ही पायांत घालून दुकानात दहा मिनिटे चालावे. अंगठ्यापुढे अर्धे बोट जागा राहावी. ‘घातल्यावर सैल होईल’ हे चामड्याच्या बाबतीत काही प्रमाणात खरे असते. कृत्रिम पदार्थ तितका ताणत नाही. तो पहिल्या दिवशी चावला तर शेवटच्या दिवसापर्यंत चावतो. नवा जोडा मोटारीच्या डिकीत ठेवून गावोगाव फिरवू नये. मे महिन्यातल्या बंद गाडीत चिकटवण मऊ पडून तळवा सुटतो.

आणि खरेदी करून घरी येताना, रस्त्याच्या कडेला आरी-रापी मांडून बसलेल्या चर्मकाराकडे थोडे थांबावे. नव्या जोड्याचा वरचा भाग आणि रबरी तळवा यांना चौफेर नायलॉनच्या दोऱ्याने शिवण घालून घेतली, की चिकटवणीवरचा भार निम्मा होतो. शिवण तळव्याच्या खाचेत बसवायला सांगावी, म्हणजे दोरा रस्त्यावर घासत नाही. काम अर्ध्या तासाचे आहे, आणि तो सांगेल तेवढे पैसे द्यावेत, घासाघीस नको.